बिनखिळ्यांचं घर

भिलाईतल्या कोहका भागात आमच्या घरात दहा वर्षं एकही खिळा नव्हता. मी वाढवून सांगत नाहीये. दिनदर्शिका स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवलेली असायची आणि दार लोटलं की चालू महिना फडफडत भिंतीवर आपटायचा. घड्याळ फ्रिजवर. आरसा टेबलावर भिंतीला टेकवलेला, त्यामुळे टिकली लावायची तर घरातल्या प्रत्येक बाईला कमरेत वाकावं लागायचं. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा नवा माणूस हमखास विचारायचा, "साब, नए आए हो क्या?" बाबा मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "नहीं भाई, पुराने हैं."

बाबा फौजेतून मानद कॅप्टन होऊन निवृत्त झाले. त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईच्या कारखान्यात आले होते. गल्लीतली बाकीची पोरं कारखान्याचे फॉर्म भरत होती तेव्हा बाबा भरतीच्या मैदानात धावायला गेले, आणि साधे जवान म्हणून लागले. खांद्यावर तारे आले ते नोकरीच्या अगदी शेवटी. त्याचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही, पण भाजीवाल्याने "कॅप्टन साब" म्हटलं की भाव करायचं विसरायचे. आई त्यांना म्हणूनच एकट्याने बाजारात जाऊ द्यायची नाही.

लोकांना वाटतं फौजी बाप म्हणजे घरात नुसता आरडाओरडा. आमच्याकडे ओरडायचं काम माझं होतं. बाबा हळू बोलायचे आणि सगळं स्वतःच्या हाताने करायचे. माझ्या वेण्या ते घालायचे. आईने घातलेल्या वेण्या मधल्या सुट्टीपर्यंत टिकायच्या, बाबांनी घातलेल्या झोपतानाही सुटता सुटायच्या नाहीत. दोन्ही रिबिनी एका उंचीवर आल्यात का, हे ते फूटपट्टी लावून बघायचे, आणि मी पाय आपटत उभी असायचे. बदलीच्या वेळी प्लॅटफॉर्मवर त्यांची गिनती चालायची. आम्ही दोघी आणि अकरा पेट्या, एकूण तेरा. तेरा भरले की मगच चहा मिळायचा. पेटी आणि बायको एकाच आकड्यात मोजता म्हणून आई चिडायची, आणि मग हसायची.

दर दोन-तीन वर्षांनी नवी छावणी, नवं क्वार्टर. क्वार्टर सोडताना एक बाबू हातात यादी घेऊन यायचा. दिवे, पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा, सगळं मोजून ताब्यात घ्यायचा आणि शेवटी भिंतींवरून हात फिरवायचा. कुठे भोक, कुठे ओरखडा, ते लिहून घ्यायचा. याला 'मार्चिंग आउट' म्हणत. तो दिवस जवळ आला की बाबांची झोप उडायची. आदल्या दिवशी ते स्वतः सगळ्या भिंती तपासायचे, माझ्या पेन्सिलीच्या रेघा रबराने पुसायचे. "ही भिंत आपली नाही, बेटा," हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणाच्या घरी भिंतीला टेकून बसताना मला जरा चोरट्यासारखं होतं.

त्या अकरा पेट्यांमधली सात नंबरची पेटी आईची. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून बाबांच्या अक्षरातली यादी चिकटवलेली असायची. सातच्या यादीत रजया, आईचा लग्नातला शालू, पितळेचा डबा, आणि सगळ्यात खाली 'फोटो फ्रेम, एक'. तो फोटो आईच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आजोबाही भिलाईच्याच कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर होते. निवृत्तीच्या दिवशी काढलेला फोटो. गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि चेहरा असा की फोटो काढणाऱ्याला आत्ता तोच नारळ फेकून मारतील.

आजोबांना फौजी जावई नको होता. पोरगी भिलाईतच राहावी, सायकलवर जाऊन तिला बघून येता यावं, एवढीच त्यांची इच्छा. शेवटी ते तयार झाले, पण लग्नाच्या बोलणीत त्यांनी सगळ्यांसमोर बाबांना एक अट घातली. "पोरगी नेऊन राहिले, ठीक हाये. पन शेवटी भिलाईले आनून सोडजा. घर इथंच बांधजा." बाबा हो म्हणाले. आम्ही ईशान्येकडे असताना आजोबा गेले. तार पोचायला एक दिवस आणि गाड्या बदलत यायला तीन, आई आली तेव्हा सगळं उरकलं होतं. मामाने हा फोटो तिच्या हातात दिला. तो पुढे कितीतरी वर्षं शालूत गुंडाळलेला, सात नंबरमधून देशभर फिरला. "आपल्या घरी लावू," आई म्हणायची. "दारासमोरच. येनाऱ्याले पहिले माहे बाबा दिसले पायजे." तिचं एवढंच मागणं होतं. दुसरं काही तिने कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर बाबांनी शब्द पाळला. कोहक्यात प्लॉट घेतला, दोन खोल्या, मोठा हॉल, मागे मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. गृहप्रवेशाची पूजा झाली, भटजी जेवून गेले, आणि बाबा कागद-पेन घेऊन उभे राहिले. ठेकेदाराला म्हणाले, "चलिए, मार्चिंग इन कर लेते हैं." तो बिचारा कढीचे हात धुवत होता. बाबांनी त्याला घरभर फिरवलं आणि यादी केली. यादी हिंदीत, कारण भिलाईत शाळा हिंदीत झाल्याने बाबा मराठी बोलायचे फक्त, लिहायचं म्हटलं की हिंदीच. दरवाजे इतके, नळ इतके, आणि मग, 'दीवारें: अच्छी हालत. कीलें: निरंक. क्षति: निरंक.' म्हणजे खिळे नाहीत आणि नुकसानही नाही. खाली देणारा म्हणून ठेकेदाराची सही, घेणारा म्हणून बाबांची. तो कागद त्यांनी हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकला. मी आणि आई पोट धरून हसलो. स्वतःच्या घराचा ताबा स्वतःच घेणारा माणूस आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

त्याच संध्याकाळी आईने शालूतून फोटो काढला, काच पदराने पुसली आणि म्हणाली, "आता लावा."

बाबांनी भिंतीवर तळहात ठेवला. "पुट्टी वल्ली हाये अजून. वाळू दे."

पुट्टी वाळली. मग उन्हाळा आला, तेव्हा भिंत तापलेली असते, प्लास्टर फुटेल. मग पावसाळा, भिंत ओल धरते. मग दिवाळी, एकदा पेंट होऊन जाऊ दे. भिलाईच्या हवेत एवढे ऋतू असतात हे मला बाबांमुळे कळलं. आईने सात नंबरची पेटी हॉलमध्ये ओढून आणली, तिच्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि फोटो त्यावर उभा केला. आजोबा आमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याकडे गुडघ्याच्या उंचीवरून रागाने बघत बसले. दोन-तीन वर्षांनी आईने विचारायचं सोडलं.

मी मात्र सोडणाऱ्यातली नव्हते. मी दुर्गला कॉलेजात शिकवते, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर कोहक्याला यायचे, आणि तो पेटीवरचा फोटो बघून माझं डोकं फिरायचं. एका नोव्हेंबरात बाबा सिव्हिक सेंटरला बँकेत गेले होते. आपण अजून जिवंत आहोत असं दाखवायला पेन्शनरांना वर्षातून एकदा जावं लागतं, त्यासाठी. मी तेवढ्यात शेजाऱ्यांची ड्रिल मशीन मागून आणली. आई स्वयंपाकघरातून "नको वं, नको" म्हणत होती. मी ऐकलं नाही. दारासमोरच्या भिंतीत मी सरळ भोक पाडलं. फरशीवर विटेची लाल पूड सांडली आणि मला फार बरं वाटलं.

भोकात खिळ्यासाठी लाकडाची गुल्ली बसवत होते तेवढ्यात बाबा दारात. हातात हेल्मेट. मला वाटलं, आज पहिल्यांदा हा माणूस ओरडणार. ते ओरडले नाहीत. चेहरा उतरला होता. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "किसने किया?"

"मी."

"कावून?"

"कावून म्हणजे? बाबा, घर तुमचं आहे! आता कोणता बाबू येणार आहे भिंत तपासायला?" मी अशी ओरडले की शेजारच्या गच्चीवरच्या बाईने वाळत घालायचं सोडून खाली बघितलं.

बाबांनी हेल्मेट खुर्चीवर ठेवलं. हत्यारांच्या कपाटातून पुट्टीचा डबा काढला, गुल्ली काढून टाकली आणि भोक बुजवलं. अंगठ्याने घासून घासून भिंत सारखी केली. फरशी पुसली. मग हातपाय धुवायला गेले.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, निदान ती माझ्या बाजूने बोलेल, मी तिच्यासाठीच तर भांडत होते. ती माझ्यावरच उखडली. "तुले कोन सांगतलं होतं मंधात पडाले?"

मी रागाने पर्स उचलली आणि बाहेर पडले. आई माझ्यामागे फाटकापर्यंत आली. स्कूटरचं हँडल धरून उभी राहिली आणि तिथे, रस्त्यावर, तिने मला ती गोष्ट सांगितली. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं क्वार्टर पंजाबातल्या एका छावणीत होतं. बाबा तेव्हा नायक हुद्द्यावर. क्वार्टरमध्ये आरसा लावायला जागा नव्हती. नव्या नवरीने खलातला बत्ता घेतला, एक खिळा ठोकला आणि आरसा लावला. कुणाला विचारायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. वर्षाने बदली झाली. बाबूने भिंतीवरून हात फिरवता फिरवता त्या भोकात बोट घातलं. सामान चढवायला बाबांच्या हाताखालची चार पोरं आली होती, ती बघत होती.

"त्यानं इचारलं, किसने ठोका?" आई म्हणाली. "मी दाराच्या मांगं उभी. हे म्हनले, मैंने. तो म्हने, दीवार तेरे बाप की है क्या? सगळ्याइच्या समोर. हे सावधान उभे. म्हनले, गलती हो गई साब."

तिने स्कूटरच्या आरशावरची धूळ पदराने पुसली.

"मले एक शब्द नाई म्हटला त्याईनं. तवाही नाई, मंगही नाई. रस्त्यात एका टेसनावर उतरले, हातातला लहानसा आरसा घेऊन आले माह्यासाठी. आता मी कोन्या तोंडानं म्हनू, ठोका म्हनून? त्याईच्या हातानं होईन तवा होईन. नाई झालं तं नाई."

मला लाज वाटली. इतकी की मी नीट निरोपही घेतला नाही. बाप चिकट आहे, हेकट आहे, असं मी कॉलेजातल्या मैत्रिणींना रंगवून सांगायचे. तो हातातला आरसा मी लहानपणी खेळायला घ्यायचे आणि आई हिसकावून घ्यायची, तेव्हाही मी तिच्यावर चिडायचे. दुर्ग येईपर्यंत माझे डोळे वाहत होते, आणि हेल्मेटच्या काचेमुळे पुसताही येत नव्हते.

त्यानंतर खिळ्याचा विषय घरात निघाला नाही. बाबा रोज सकाळी दाढी करायचे, बुटांना पॉलिश करायचे, कुठे जायचं नसलं तरी. पावर हाउस भागातल्या बाजारातून थंडीत तिवऱ्याची पालेभाजी आणायचे. इथे तिला तिवरा म्हणतात, आमच्या भंडाऱ्याकडे लाखोळी. आईच्या हातची लाखोळीची भाजी आणि भात असला की बाबा तिसऱ्यांदा वाढून घेताना ताटाकडे बघत नसत, म्हणजे मोजावं लागत नाही. मग त्यांचं हृदय थकायला लागलं. दोन पायऱ्या चढले की थांबायचे आणि मुनग्याच्या झाडाकडे बघत असल्याचं नाटक करायचे. डॉक्टरांनी जड कामं बंद सांगितली. मी जास्त वेळा यायला लागले.

अशाच एका थंडीतल्या सकाळी आई बाजारात गेली होती. बाबा खुर्चीतून म्हणाले, "बेटा, हातोडी आन. आन मापाची टेप."

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते परत बसले असते. त्यांनी फरशीपासून मोजलं, दाराच्या चौकटीपासून मोजलं, दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरला, पेन्सिलीने बारीक फुली केली. अर्धा तास गेला. मग खिळा फुलीवर धरला आणि हातोडी उचलली. हात तसाच खाली आला. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मी मारू का, बाबा?"

"नाई."

तिसऱ्यांदा त्यांनी घाव घातला. चिमूटभर प्लास्टर सुटून फरशीवर पडलं. आणि बाबा दचकून दाराकडे बघायला लागले. पासष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात, स्वतःच्या दाराकडे. दारात कोणी नव्हतं. मला त्या क्षणी त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी रीत नव्हती, म्हणून मी खाली वाकून प्लास्टर गोळा करायला लागले. वर आणखी दोन घाव पडले. खिळा बसला.

फोटो लावल्यावर बाबा दोन पावलं मागे गेले, धाप लागली होती तरी उभेच राहिले आणि आजोबांना म्हणाले, "आनून सोडली ना, मामाजी."

आई आली. हातात भाजीची पिशवी, पायातली एकच चप्पल काढलेली. ती दारातच थांबली. बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "वाकडा हाये."

"मोजून लावला," बाबा म्हणाले.

"मंग बाबाच वाकडे असतीन," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं बाहेर हसत बसलो आणि आत नळ बराच वेळ चालू राहिला. त्या दिवशी लाखोळी होती.

पुढे दोन महिनेही झाले नाहीत. एक दिवस सकाळी बाबांनी दाढी केली, बुटांना पॉलिश केलं, खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. बूट इतके चकचकीत होते की माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडेच जात होतं.

तेरवी झाल्यावर मामाने बाबांचा वर्दीतला फोटो फ्रेम करून आणला. "बाई, बाबाच्या बाजूलेच लावू भाऊजीले," तो आईला म्हणाला. आईने मान हलवली. मी हातोडी आणायला गेले.

हत्यारांचं कपाट उघडलं आणि दाराच्या आतून चिकटवलेली ती यादी समोर आली. पिवळी पडली होती. 'कीलें: निरंक' यातल्या 'निरंक'वर पट्टी धरून सरळ रेघ मारली होती आणि वर निळ्या पेनने लिहिलं होतं, 'दो'. अक्षर बाबांचं, शेवटच्या दिवसांतलं, थोडं कापरं. त्यापुढचं 'क्षति: निरंक' तसंच ठेवलं होतं. खाली नवीन ओळ होती, 'मार्चिंग आउट'. सौंपने वाला, म्हणजे ताबा देणारा, म्हणून बाबांची सही, हुद्द्यासकट. लेने वाली म्हणून जागा रिकामी, आणि सही कुठे करायची ते कळावं म्हणून पेन्सिलीची बारीक फुली.

मी वळून भिंतीकडे बघितलं. खिळा एकच होता. बाबांनी एकच ठोकला होता. मोजण्यात हा माणूस आयुष्यात कधी चुकला नव्हता. मग मला कळलं की दुसरा कुणासाठी आहे, आणि मी कपाटासमोर फरशीवर बसले.

मी येत नाहीसं बघून आई आली. तिने चष्मा लावला आणि ओठ हलवत एकेक ओळ वाचली. हिंदी वाचायला तिला नेहमीच वेळ लागायचा. वाचून झाल्यावर तिने माझ्या पर्समधलं पेन मागितलं आणि त्या फुलीवर, उभ्या उभ्या, कागद दाराला होता तसाच ठेवून, सही केली. मग हातोडी उचलली.

"दे ना बाई, मी ठोकतो," मामा म्हणाला.

"नाई. तू पेटी धर."

सात नंबरची पेटी भिंतीजवळ ओढली. आई तिच्यावर चढली, एका हाताने भिंत धरून. तिने जागा मोजली नाही. वडिलांच्या फोटोशेजारी खिळा टेकवला आणि पहिल्याच घावात तो आत गेला. थोडं प्लास्टर तिच्या केसांत पडलं. मी फोटो वर दिला, तिने तो लावला, मिशीवरची धूळ बोटाने पुसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "हा मीनं ठोकला. आता कोनी इचारलं तं माहं नाव सांगजा."